सावदा, काटा नंबर दोन

पहाटे साडेचारला काट्याची खोली उघडली
तेव्हा रस्त्याला लागून सहा ट्रक,
घडांवर ओल्या पानांचं पांघरूण,
चरका पडेल एवढी थंडी,
आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा.
काळ्यात पांढरी एकच ओळ: असं पार्टिशन नाही.
तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' आणि लुकलुकणारी रेघ,
कुणी दारात उभं राहून नुसतं खाकरावं तशी.

काल दुपारी मीच काढलं होतं ते.
डिस्क भरली होती. तीन वर्षांच्या पावत्या,
शेठच्या नातवाचे फोटो, जीएसटीचं काय काय.
निम्मी जागा हितेंद्र फिरक्यानं
त्याच्या लिनक्सला धरून ठेवलेली,
आणि हितेंद्र तर होळीपासून हिंजवडीत.
उजवं क्लिक. डिलीट. नक्की? हो.
दोन कपबशा विसळायला याहून वेळ लागतो.
रात्री बंद करेपर्यंत मशीनही काही बोललं नाही.

मला कुठं माहीत,
खोली रिकामी केली तरी पाटी त्याचीच राहते,
आणि हे यंत्र रोज उठल्या उठल्या
आधी त्याला हाक मारतं, मग मला.

सुपडूभाऊ खिडकीशी आला, मफलरीत तोंड.
"काय झालं वं ताई? मशीन झोपलं का?"
जागं आहे भाऊ. कुठं जायचं ते विसरलंय.
"मंग हातानं लिहून दे."
हातानं काय लिहू?
भरलेलं वजन दिसतंय, लाल आकड्यांत,
एकशे बेचाळीस क्विंटल साठ.
रिकामी गाडी काल रात्री मोजली,
ते वजन आत आहे.

पावणेपाचला फोन लावला. त्यानं उचलला.
"काढलंस का ते?" एवढंच म्हणाला,
मग जरा वेळ काहीच नाही.
मग: "टेबलाचा खालचा खण. कार्बनपेपरच्या खाली.
रबरबँड लावलेला पेनड्राइव्ह."
होता तिथंच. धूळ पुसून लावला.
एफ बारा. दुरुस्ती. काळी खिडकी.
"लिही, बूटरेक. मग जागा सोड."
सोडली.
"तिरकी रेघ. फिक्स एमबीआर. सगळं जोडून."
"पावत्या जातील रे?"
"नाही जात. पहिले पाचशे बारा बाइट आहेत ना,
त्यातलंच बदलतं. उंबरा समज.
घराला हात लागत नाही."

एंटर दाबायला माझं बोट
दोनदा खाली जाऊन वर आलं.
बाहेर कुणीतरी हॉर्न दिला.

झालं, म्हणालं मशीन. म्हणजे तसंच काहीतरी.
पुन्हा चालू केलं, तर सरळ निळी खिडकी,
सरळ आत,
वाटेत एक अक्षर विचारलं नाही.

आधी दहा सेकंद मिळायचे.
जांभळ्या पडद्यावर दोन नावं,
खाली आकडा उतरत जायचा, दहा, नऊ, आठ.
मला लागायचं दुसरं, पहिलं मी कधी उघडलंच नाही,
तरी बाण खाली नेताना उगीच हात रेंगाळायचा.
तेवढ्यात वेणीचा शेवटचा पेड व्हायचा.
आता वेणी घरूनच घालून यावी लागणार.

सुपडूभाऊचं रिकामं वजन निघालं, एक्कावन्न ऐंशी.
निव्वळ नव्वद क्विंटल ऐंशी.
पावती फाडली. "चाल येतो," म्हणाला, गेलासुद्धा.

हितेंद्र फोनवरच होता अजून.
"विचारत नाही ना आता?"
"नाही."
"हं. ती मोकळी जागा सीला जोडून घे,
नुसती पडून राहील नाहीतर."
घेते म्हटलं.
डिस्कच्या नकाशात ती काळ्या पट्टीची दिसते,
कुणालाच न दिलेली, नाव नाही, अक्षर नाही.
उजवं क्लिक केलं की विचारेल: नक्की?

दुसरा ट्रक काट्यावर चढला.
लाल आकडे थरथरले, थरथरले,
मग थांबले.